प्रयोग ओळख

“म्हणजे नेमके काय करतोस?”

“फोटोग्राफी, गुरुजी. व्यक्तिचित्रं.”

“ही दोन नामे झाली. पूर्ण वाक्यात सांग.”

यशोधन मोहिते हसला. चाळिशीला टेकलेला, नावाजलेला माणूस. पण ते शब्द कानावर पडताच त्याची पाठ आपोआप ताठ झाली. आठवीच्या वर्गात ती अशीच ताठ होई.

“मी माणसांची छायाचित्रे काढतो.”

“प्रयोग ओळख.”

“कर्तरी.”

“कशावरून?”

“क्रियापद कर्त्याच्या मागून चालतं. मी काढतो, ती काढते, ते काढतात.”

“बस,” त्र्यंबकशास्त्री म्हणाले.

हे ‘बस’ पुरे झाल्याचे की खाली बसण्याचे, ते विद्यार्थ्यांना कधीच उमगत नसे. यशोधन खाली बसला.

कृष्णाकाठच्या त्या गावात त्र्यंबकशास्त्री मेढेकरांनी उभा जन्म व्याकरण शिकवण्यात घालवला होता. पहाटे पाठशाळेत पाणिनी, दिवसा शाळेत मराठी. बोलतानाही ते लिहिल्यासारखे बोलत. अर्धे वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते, आणि दुसऱ्याचे अर्धे वाक्य ते ऐकून घेत नसत.

त्यांचे एकही छायाचित्र कुठे नव्हते. वर्गाचे चित्र काढण्याच्या दिवशी मधली खुर्ची रिकामी राही. शास्त्रीबुवा तेवढ्यात फळा पुसायला गेलेले असत.

आणि उद्या सूर्योदयाला ते संन्यास घेणार होते.

स्वतःचे श्राद्ध स्वतःच्या हाताने करून ते कालच मोकळे झाले होते. आज दिवेलागणीला अग्नीसमोर बसायचे. त्यानंतर कोणाशी बोलणे नाही, कोणाला भेटणे नाही. रात्र जपात घालवायची आणि पहाटे नदीत उतरायचे. नदीतून जो वर येईल त्याला दुसरे नाव असेल, आणि तो ओल्या अंगाने नर्मदेच्या वाटेला लागेल. त्र्यंबकशास्त्री मेढेकर नावाचे कोणी या गावात, किंबहुना कुठेच, उरणार नव्हते.

माजी विद्यार्थ्यांनी म्हणूनच घाई केली. शाळेच्या सभागृहात गुरुजींची एक तसबीर हवी, आणि ते काम यशोधनने करावे असे ठरले. त्यांच्यात कीर्ती मिळवलेला तोच एक होता.

गुरुजी नाही म्हणतील याविषयी कोणालाच शंका नव्हती. ते हो म्हणाले.

“सर्वस्व देऊन टाकायचे ठरल्यावर चेहरा तेवढा मागे ठेवणे बरे नव्हे,” एवढेच बोलले.

यशोधनने आपला छायाचित्रांचा ग्रंथ उघडून त्यांच्यापुढे ठेवला. गवई, मल्ल, वैद्य, न्यायमूर्ती... पानोपानी मोठमोठी माणसे. पाठीमागे काळा पडदा, डावीकडून एकच दिवा. अर्धा चेहरा उजेडात, अर्धा अंधारात, आणि सुरकुत्या अशा की जणू कोणी छिन्नीने कोरल्या आहेत. ही त्याची रीत होती. पाहणारा आधी म्हणे, हे मोहित्यांचे. चेहरा कोणाचा ते मागाहून वाची. या कीर्तीत खोटे काही नव्हते. प्रकाशाची अशी जाण फार थोड्यांना असते.

गुरुजींनी एकेक पान सावकाश उलटले. घाई केली नाही, वगळले नाही.

“सुंदर आहे,” ते म्हणाले. मग मान वर करून त्यांनी विचारले, “ही सगळी सख्खी भावंडे का रे?”

दारातून हसू ऐकू आले. तिथे गोदाअक्का उभ्या होत्या, शास्त्रीबुवांच्या थोरल्या भगिनी. आई गेली तेव्हा पाळण्यातल्या भावाला त्यांनीच उचलले होते. पुढे लवकरच कुंकू पुसून त्या माहेरी परतल्या आणि तेव्हापासून या घराची चूल त्यांच्याच हाती होती.

“एकाच न्हाव्याकडे जात असतील सगळे,” अक्का म्हणाल्या.

“अक्का, हे वेगवेगळ्या प्रांतांतले थोर लोक आहेत,” यशोधन म्हणाला.

“असतील की बाबा. पण सगळ्यांची दाढ एकदमच दुखायला लागलेली दिसते.”

गुरुजींचे बोट एका पानाच्या कोपऱ्यावर थांबले होते.

“हे काय लिहिले आहे?”

“माझी सही.”

“प्रत्येक पानावर आहे.”

“हो, गुरुजी.”

“आणि या गृहस्थांचे नाव?”

“ते शेवटी असतं. सूचीत.”

गुरुजींनी पान उलटले.

ओसरीवर काळा पडदा टांगला गेला. डावीकडे दिवा उभा राहिला. गुरुजी सांगितले तिथे, सांगितले तसे बसले. आज्ञाधारक विद्यार्थी बसतो तसे.

“हनुवटी किंचित खाली... अशीच. आता हलू नका. डोळ्यांत जरा भाव येऊ द्या.”

“कोणता?”

“म्हणजे... वैराग्याचा.”

“तो उद्यापासून असेल. आजच्या तारखेला माझ्यापाशी नाही.”

अक्कांनी पदर तोंडाला लावला. “अरे मोहित्या, वैराग्य राहू दे. त्याला नुसतं हसवून दाखव. मी सत्तर वर्षं खटपट करतेय.”

यशोधन कामाला लागला, आणि एकदा लागल्यावर तो पाहण्यासारखा होता. एक गुडघा जमिनीला टेकलेला, श्वास रोखलेला, बोटे कॅमेऱ्याच्या चाकांवर न पाहता फिरणारी. दिवा वीतभर सरकवला की तो चेहऱ्याकडे पाही, बोटभर मागे घेतला की पुन्हा पाही. गुरुजी हलत नव्हते. पण त्यांची नजर त्या हातांवर होती, आणि त्या नजरेत कौतुक होते.

काम आटोपले तेव्हा त्याने कॅमेऱ्याची काच गुरुजींसमोर धरली.

“किती सुरकुत्या!” गुरुजी म्हणाले. “यांतल्या निम्म्या तरी माझ्या नाहीत.”

“दिव्याने उठून येतात.”

“असेल. पण हे गृहस्थ कोण?”

“तुम्हीच, गुरुजी.”

“यांना व्याकरण येत असेल असे वाटत नाही. यांना फक्त गंभीर बसता येते.”

यशोधनने कॅमेरा मागे घेतला.

“काय केलेस?” गुरुजींनी विचारले.

“मी... मी छायाचित्र काढले.”

“प्रयोग?”

“कर्मणी.”

“मघाशी क्रियापद तुझ्या मागून चालत होते.”

“आता छायाचित्राच्या मागून चालतंय. छायाचित्र काढले. तसबीर असती तर काढली.”

“आणि तुझ्या जागी अक्का असती तर?”

“तरी काढलेच. कर्ता बाप्या की बाई, क्रियापद विचारत नाही.”

“म्हणजे काम पुरे झाले की क्रियापद काम करणाऱ्याला सोडून कामाच्या मागे जाते. भाषेला हे केव्हाचे ठाऊक आहे.” गुरुजींनी ग्रंथ मिटला आणि दोन्ही हातांनी त्याच्या स्वाधीन केला. “तू मात्र अजून कोपऱ्यात उभाच आहेस.”



इतक्या वर्षांत असे यशोधनला कोणी बोलले नव्हते. पण झोंबले ते वेगळ्याच कारणाने. गेले काही दिवस त्याला स्वतःलाच वाटू लागले होते की, समोर कोणीही बसो, येणारे चित्र आधीच येऊन बसलेले असते. ही गोष्ट त्याने कोणापाशी उघड केली नव्हती. आणि आज समोर बसला होता तो माणूस उद्या पुन्हा बसणार नव्हता.

त्याने पडदा उतरवला. दिवा विझवला.

“ठीक आहे, गुरुजी. तुम्ही तुमचं काम करा. मी इथं नाहीच असं समजा.”

“प्रयत्न करतो,” गुरुजी म्हणाले आणि उठले.

ते मागच्या अंगणात विहिरीपाशी गेले. दान द्यायचा तांब्याचा एक गडू राहिला होता. पाटावर बसून ते तो चिंचेने घासू लागले. यशोधन ओसरीच्या खांबाआड उभा राहिला. दुरून टिपणारे लांब भिंग त्याने कॅमेऱ्याला लावले होते. श्वासाचाही आवाज होऊ दिला नाही. आपण नाहीच, आपण नाहीच, असे मनाशी घोकत त्याने चित्रामागून चित्र टिपले.

मग एकेक पाहिले.

एक म्हातारा गडू घासत होता. कोणीही म्हातारा, कोणताही गडू. गडू मात्र छान लकाकत होता.

“खांबाआड कोण आहे?” गुरुजींनी मान न वळवता विचारले.

“कोणी नाही, गुरुजी.”

“वाक्यात कर्ता दिसत नाही म्हणजे तो नसतो का?”

यशोधन खांबामागून बाहेर आला.

“अध्याहृत असतो,” तो ओशाळून म्हणाला.

“आणि लपलेला कर्ता अधिक चिवट असतो. त्यापेक्षा उघड्यावर राहा. निदान दिसतोस तरी.”

अक्का दडप्या पोह्यांची बशी घेऊन बाहेर आल्या.

“शास्त्रीबुवा, पुरे करा आता छळ. पोर सकाळपासून उपाशी आहे.” बशी त्यांनी यशोधनच्या हातात दिली. “खा. व्याकरणानं पोट भरत असतं तर या घरात चूल कशाला पेटली असती?”

“अक्का, तुम्हीही शास्त्रीबुवाच म्हणता?”

“आज सकाळपासून म्हणतेय. सवय करतेय जिभेला. उद्यापासून तेही नाही. स्वामी म्हणायचं आणि लांबून नमस्कार करायचा. मी! याचं नाक पुसता पुसता माझा पदर फाटला, मोहित्या.”

“आणि नावानं हाक?”

“हाकच मारायची नाही म्हणे. मारली तरी ओ द्यायला कोण असणार आहे?”

हे त्या हसतच बोलल्या आणि हसतच आत गेल्या.

गुरुजी धुतलेला गडू उन्हात पालथा घालत होते. त्यांनी ऐकले की नाही, कळले नाही. गडू मात्र त्यांनी पालथा घातला, पुन्हा उचलला आणि पुन्हा घासायला घेतला.

उन्हे कलली. नदीकडून गार वारा सुटला. गुरुजी ओसरीच्या कडेला येऊन बसले. यशोधन खालच्या पायरीवर.

“गुरुजी, मग करू तरी काय? पुढं येतो तर मीच दिसतो. मागं सरतो तर कोणीच दिसत नाही. दिवे लागायच्या आत मला तुमचं एक चित्र हवं आहे. शाळेसाठी असो नसो, मला हवं आहे. नंतर...”

“वाक्य पुरे कर.”

“नंतर तुम्ही नसाल.”

“शुद्ध आहे,” गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी नदीकडे नजर वळवली.

“मी तुम्हाला प्रयोग किती शिकवले होते?”

“तीन.”

“दोन झाले.”

“तिसरा... भावे.”

“नियम?”

“कर्त्यालाही प्रत्यय, कर्मालाही प्रत्यय. क्रियापद कर्त्याच्या मागून जात नाही, कर्माच्याही मागून जात नाही. ते आपल्या जागी स्वतंत्र.”

“पाठ चांगले आहे. उदाहरण दे.”



शाळेतही यशोधन नेमका इथेच फसे. कर्मणी काय आणि भावे काय, दोन्हींच्या शेपटाला तेच ‘ले’ दिसे. आणि प्रत्येक परीक्षेत तो भावे प्रयोगाला कर्मणी म्हणून येई. गुरुजींच्या तांबड्या शाईची तिथली फुली त्याला अजून आठवत होती. नियम त्याला झोपेतही सांगता आला असता. उदाहरण कधी सुचले नाही.

“सुचत नाही, गुरुजी.”

“सुचेल तेव्हा सांग. मी दिवेलागणीपर्यंत आहे.”



पलीकडच्या तीरावर कोणी धोपटून धोपटून धुणे धूत होते. धोपटण्याचा हात आधी दिसे, आवाज मागून येई. गुरुजी ते पाहत होते. यशोधनने सवयीने कॅमेरा डोळ्याला लावला. चित्र काढायचे म्हणून नव्हे; उजेड कितीसा उरला आहे ते पाहावे म्हणून. उजेड थोडाच होता. गुरुजींच्या कपाळावर, गालफडांवर तो सारखा पसरला होता, कुठे कमी नाही, कुठे अधिक नाही. यात काही नाही, असे त्याच्या मनात आले. कॅमेरा खाली घ्यावा, असेही आले.

तेवढ्यात आतून हाक आली.

“त्र्यंबू...”

दिवसभरात हे नाव कोणी उच्चारले नव्हते. गावात ते कोणाला ठाऊकही नव्हते.

“त्र्यंबू, दूध निवतंय रे. येतोस ना?”

गुरुजींची मान दाराकडे वळली.

“आलो, अ...”

आणि ते थांबले.

ज्या तोंडून अर्धे वाक्य कोणी ऐकले नव्हते त्या तोंडात ते अर्धेच राहिले. ओठ उघडे होते. एक हात उठण्यासाठी जमिनीवर टेकला होता आणि तिथेच होता. त्या चेहऱ्यावर जे आले होते ते हाकेसरशी धावणाऱ्या पोराचे होते की निघालेल्या म्हाताऱ्याचे, सांगता आले नसते. जाणाऱ्याचे होते की राहणाऱ्याचे, तेही सांगता आले नसते.

कुठेतरी एक बारीकसा आवाज झाला.

तो आपल्याच हातांतून आला, हे यशोधनला जरा वेळाने समजले. कॅमेरा हळूहळू खाली आला. काचेवर काय उमटले ते त्याने पाहिले नाही. पाहावे असे त्याला सुचलेच नाही. तो गुरुजींकडे पाहत होता.

आत भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. अक्कांनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही.

बऱ्याच वेळाने गुरुजींनी तोंड इकडे फिरवले.

“काय केलेस?”

या वेळी तो आवाज वर्गातला नव्हता. फार खालून आल्यासारखा होता.

‘काढले’ हा शब्द यशोधनच्या ओठांपर्यंत आला... आणि तिथूनच परतला.

“मी...”

“पूर्ण वाक्यात.”

“मी तुम्हाला पाहिले, गुरुजी.”

पलीकडच्या तीरावरचे ऊन गेले. धुणेही थांबले. आत अक्कांनी देवापाशी दिवा लावला. त्याचा उजेड उंबऱ्यापर्यंत आला.

गुरुजी उठले. उपरणे सारखे केले. दारापर्यंत गेले, एक पाऊल उंबऱ्याच्या आत ठेवले आणि मागे वळले.

ते हसत होते.

“प्रयोग ओळख.”